स्वरमंचावरची पहिली हजेरी

डिसेंबरच्या मध्यावरची दुपार. पुण्याच्या मुकुंदनगरातील महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडासंकुलात उभारलेल्या भव्य मंडपात रसिकांची ये-जा अजून सुरूच असते. कोणी भारतीय बैठकीवर आपल्या मंडळींसाठी जागा धरून ठेवलेली असते, कोणी खुर्चीचा क्रमांक शोधत असते, तर कोणी हातातल्या कार्यक्रमपत्रिकेवर आज रात्री शेवटी कोण गाणार हे पाहत असते. सनईचे मंगल सूर नुकतेच विरलेले असतात. एवढ्यात निवेदक एक नाव उच्चारतो आणि पुढे ‘सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवात प्रथमच’ असे शब्द जोडतो. दोन तंबोऱ्यांच्या मधोमध बसलेला तो तरुण किंवा ती तरुणी हात जोडून श्रोत्यांना वंदन करते आणि डोळे मिटून षड्ज लावते.

त्या एका षड्जामागे साधारणपणे पंधरा-वीस वर्षांचे शिक्षण असते आणि पुढे असतात जेमतेम पाऊण ते एक तास. हिंदुस्थानी संगीताच्या जगात ‘सवाईत गायला’ किंवा ‘सवाईत वाजवले’ हे शब्द पदवीसारखे वापरले जातात. ही पदवी कोणतेही विद्यापीठ देत नाही. ती मंडपात बसलेले हजारो श्रोते देतात आणि कित्येकदा देतही नाहीत. या पहिल्या हजेरीचे स्वरूप काय असते, तिच्यापर्यंत कलावंत कसा पोहोचतो, तिथे त्याची परीक्षा नेमकी कशात असते आणि बदलत्या काळात या परीक्षेचे रूप कसे पालटले आहे, याचा हा आढावा.

गुरूच्या पुण्यतिथीतून उभा राहिलेला उत्सव

या महोत्सवाचे मूळ एका शिष्याच्या गुरुभक्तीत आहे. सवाई गंधर्व म्हणजे पं. रामभाऊ कुंदगोळकर. त्यांचा जन्म १८८६ सालचा, धारवाडजवळच्या कुंदगोळ परिसरातला. किराणा घराण्याचे अध्वर्यू उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्याकडे त्यांनी तालीम घेतली. पुढे संगीत रंगभूमीवर त्यांच्या गायनाने लोकांना वेड लावले आणि ‘सवाई गंधर्व’ ही उपाधी त्यांच्या नावाला कायमची चिकटली. १९५२ साली त्यांचे निधन झाले. दुसऱ्याच वर्षी, १९५३ मध्ये, त्यांच्या पहिल्या पुण्यतिथीच्या निमित्ताने पं. भीमसेन जोशी यांनी गुरुबंधू-भगिनींच्या आणि आर्य संगीत प्रसारक मंडळाच्या साथीने पुण्यात स्मृतिसमारोह सुरू केला. हाच आजच्या महोत्सवाचा आरंभ.

आरंभी या समारंभाचे रूप घरगुती आणि मर्यादित होते. गंगूबाई हनगळ, फिरोज दस्तूर यांच्यासारखे सवाई गंधर्वांचे शिष्य इथे गुरूच्या आठवणीने गात. हळूहळू अन्य घराण्यांचे गायक, वादक आणि नर्तकही येऊ लागले. श्रोत्यांची संख्या शेकड्यांतून हजारांत गेली आणि शनिवार पेठेतील रमणबागेचे मैदान हे कित्येक पिढ्यांसाठी ‘सवाई’चे घर बनले. २०११ च्या जानेवारीत भीमसेनजींचे निधन झाल्यावर त्यांचेही नाव महोत्सवाला जोडण्यात आले. २०१८ पासून महोत्सव मुकुंदनगरात भरू लागला. स्वाइन फ्लूच्या साथीमुळे २००९ चा महोत्सव पुढे ढकलून २०१० च्या जानेवारीत घ्यावा लागला, तर करोनामुळे २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी तो होऊच शकला नाही.

हा इतिहास इथे सांगण्याचे कारण एवढेच, की या मंचाचा मूळ स्वभाव स्पर्धेचा नाही, स्मरणाचा आहे. महोत्सवाची सांगता सवाई गंधर्वांच्या भैरवीच्या ध्वनिमुद्रणाने करण्याचा प्रघात आहे. ज्या गायकाने हयातीत हा मंडप पाहिला नाही, त्याचा आवाज सर्वांत शेवटी उमटतो. पहिल्यांदा गाणाऱ्या कलावंताने हे ध्यानात ठेवले, तर मनावरचे दडपण थोडे कमी होते आणि जबाबदारी मात्र वाढते.

दरबार, दर्गा आणि संमेलन

शेकडो-हजारो अनोळखी माणसांपुढे रागसंगीत मांडणे ही तशी अलीकडची गोष्ट आहे. ख्यालगायकी वाढली ती संस्थानिकांच्या दरबारांत, जाणकारांच्या खासगी बैठकींत आणि देवस्थानांच्या उत्सवांत. मिरजेला ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृत्यर्थ होणारी संगीतसभा ही त्या जुन्या रीतीची जिवंत खूण. तिथे कलावंत ‘कार्यक्रम’ करायला जात नाही, ‘हजेरी’ लावायला जातो. या शब्दात नम्रता आहे. मी आलो आहे, जे शिकलो ते पायाशी ठेवतो, एवढाच त्याचा अर्थ.

संगीत संमेलनांची आजची चौकट घडवण्यात दोन विष्णूंचा वाटा मोठा. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि तिकीट लावून सर्वसामान्यांसमोर जलसे करण्याची रीत रुजवली. पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने १९१६ मध्ये बडोद्याला अखिल भारतीय संगीत परिषद भरली आणि निरनिराळ्या घराण्यांचे कलावंत एका छताखाली आले. जालंधरचे हरिवल्लभ संमेलन तर त्याही आधीचे, १८७५ पासूनचे. पुढे १९५२ मध्ये कोलकात्यात डोव्हर लेन, १९५३ मध्ये पुण्यात सवाई, १९८० मध्ये अहमदाबादेत सप्तक अशी ही साखळी लांबत गेली.

दरबारात दाद देणारा एक असे आणि पोटापाण्याची काळजीही तोच वाहत असे. संमेलनात दाद देणारे हजारो असतात आणि त्यांतला कोणीही कलावंताला बांधील नसतो. पहिल्या सादरीकरणाचे भय आणि आकर्षण या दोहोंचे मूळ या बदलात आहे.

निमंत्रणापर्यंतची वाट

मोठ्या महोत्सवाचे निमंत्रण अर्ज करून मिळत नाही, अशी एक समजूत आहे. ती बरीचशी खरी आहे. नवे नाव संयोजकांच्या कानावर जाते ते बहुधा तीन वाटांनी. पहिली वाट गुरूची. शिष्य तयार झाला आहे, असे गुरूने सांगणे याला आजही वजन आहे. पूर्वी शिष्य गुरूच्या मागे बसून तंबोरा छेडीत वर्षानुवर्षे स्वरसाथ करी. श्रोत्यांना त्याचा आवाज ओळखीचा होई आणि मग एके दिवशी तो मधल्या जागेवर येई. ही पद्धत अजून पूर्णपणे मोडलेली नाही.

दुसरी वाट लहान मंचांची. पुण्यात भास्करबुवा बखल्यांनी १९११ मध्ये स्थापन केलेला भारत गायन समाज, कोल्हापूरचा १८८३ पासूनचा देवल क्लब, गावोगावची संगीत मंडळे, गणेशोत्सवातील आणि मंदिरांतील सेवा या ठिकाणी शंभर-दीडशे जाणकारांसमोर गाण्याचा सराव होतो. मुंबईत सूरसिंगार संसदेच्या ‘कल के कलाकार’ संमेलनाने तरुणांना मंच आणि ‘सूरमणी’ ही उपाधी देऊन अनेकांची पहिली ओळख करून दिली. कोलकात्याच्या डोव्हर लेनने तर तरुणांसाठी स्पर्धा घेऊन विजेत्यांना मुख्य संमेलनाची दारे उघडण्याची पद्धत ठेवली.

तिसरी वाट मान्यतेच्या चाळण्यांची. आकाशवाणीची ध्वनिचाचणी आणि तिच्या ‘बी’, ‘बी हाय’, ‘ए’ आणि ‘टॉप’ या श्रेणी, तिच्या संगीत स्पर्धा, केंद्र सरकारच्या शिष्यवृत्त्या, संगीत नाटक अकादमीचा २००६ पासून दिला जाणारा उस्ताद बिस्मिल्ला खाँ युवा पुरस्कार, या सगळ्यांमुळे ज्याच्यामागे मोठे घराणे वा आडनाव नाही, अशा कलावंताचे नावही यादीत येऊ शकते. अलीकडे समाजमाध्यमांवरील चित्रफिती ही चौथी वाट झाली आहे. मात्र चार मिनिटांच्या तुकड्यातून आवाज कळतो, तयारी कळते. पाऊण तास एक राग धरून ठेवण्याची ताकद कळत नाही. म्हणूनच निमंत्रण देण्यापूर्वी कलावंताला प्रत्यक्ष ऐकण्याला पर्याय नाही, असे जुने संयोजक मानत आले आहेत.

पाऊण तासाचे गणित

पहिल्यांदा गाणाऱ्याला बहुधा सत्राच्या आरंभीची वेळ मिळते. नवख्या श्रोत्याला हा दुय्यमपणा वाटतो. वस्तुतः कनिष्ठाने आधी आणि ज्येष्ठाने नंतर गायचे, हा मैफलीचा जुना संकेत आहे. सर्वांत शेवटची जागा सर्वांत मानाची. सवाईत ती जागा अनेक वर्षे स्वतः भीमसेनजींची होती आणि त्यांच्यानंतर डॉ. प्रभा अत्रे यांनी ती सांभाळली. जानेवारी २०२४ मध्ये त्यांचेही निधन झाले.

खरी अडचण असते ती वेळेची. पंचेचाळीस मिनिटे हा काळ सामान्य माणसाला मोठा वाटेल. ख्यालगायकासाठी तो फार तोकडा आहे. साधा हिशेब पाहू. अतिविलंबित एकतालात एका मात्रेला सुमारे चार सेकंद धरले, तर बारा मात्रांचे एक आवर्तन सुमारे ४८ सेकंदांचे होते. प्रारंभीच्या आलापाला तीन मिनिटे, द्रुत बंदिशीला अथवा तराण्याला दहा-बारा मिनिटे आणि शेवटच्या अभंगाला, ठुमरीला किंवा नाट्यपदाला पाच-सहा मिनिटे ठेवली, तर बड्या ख्यालासाठी पंचवीस मिनिटे उरतात. म्हणजे साधारण तीस-एकतीस आवर्तने. मंद्र सप्तकातून निघून, एकेका स्वराची बढत करीत तार षड्जाला पोहोचायचे, अंतरा मांडायचा, मग बोलअंग, सरगम आणि तानांकडे वळायचे, हे सगळे या तीस आवर्तनांत. किराणा घराण्यासारख्या स्वराची सावकाश उकल करणाऱ्या गायकीत तर पहिली दहा आवर्तने पूर्वांगातच संपतात.

त्यामुळे पहिल्या सादरीकरणाची तयारी म्हणजे काय गायचे हे ठरवण्याइतकीच काय सोडायचे हे ठरवणे होय. अनुभवी गुरू शिष्याला घड्याळ समोर ठेवून पंचेचाळीस मिनिटांची मैफल पुनःपुन्हा गायला लावतात. त्याचा हेतू जागा पाठ करण्याचा नसतो. पाठ केलेली तान मंचावर पाठच वाटते. हेतू असा, की किती वेळ गेला हे घड्याळाकडे न पाहताही शरीराला कळावे. नवख्यांची सर्वाधिक होणारी चूक म्हणजे घाई. पहिल्या टाळीच्या मोहाने पाचव्या मिनिटालाच तार सप्तकात जाणारा गायक विसाव्या मिनिटाला रिकामा होतो आणि उरलेला वेळ त्याच ताना फिरवून भरून काढतो. जाणकार श्रोत्याच्या हे तत्काळ ध्यानात येते.

राग आणि घड्याळ

रागांच्या वेळा पाळण्याची हिंदुस्थानी परंपरा पहिल्यांदा गाणाऱ्याची निवड आणखी अरुंद करते. दिवस-रात्रीचे आठ प्रहर, प्रत्येकी तीन तासांचे. दुपारी तीन ही तिसरा प्रहर संपून चौथा सुरू होण्याची वेळ. या वेळेला भीमपलास, पटदीप, मधुवंती, मुलतानी हे राग शोभतात. सूर्य मावळतीकडे झुकला की मारवा, पूरिया धनाश्री, श्री यांची वेळ येते. यमन, शुद्ध कल्याण, पूरिया कल्याण हे त्यानंतरचे. म्हणजे ज्याने आयुष्यभर दरबारी कानड्यावर मेहनत केली, त्याला तो इथे दुपारी मांडता येत नाही.

मुलतानीचेच उदाहरण घेऊ. त्यात ऋषभ, गंधार आणि धैवत कोमल, तर मध्यम तीव्र. तोडीचेही स्वर हेच. दोहोंत फरक पडतो तो चलनाने, स्वरांच्या लगावाने. मुलतानीच्या आरोहात ऋषभ आणि धैवत वर्ज्य असतात. किंचित चूक झाली, की दुपारी तीन वाजता सकाळची तोडी डोकावू लागते. पहिल्यांदा गाणाऱ्याने असा राग घ्यावा का, यावर गुरुजनांत दोन मते असतात. एक मत असे, की भीमपलाससारखा परिचित राग घ्यावा. श्रोता लगेच जवळ येतो. दुसरे मत असे, की परिचित रागात श्रोत्यांच्या कानात आधीच थोरामोठ्यांचे स्वर भरलेले असतात आणि तुलना टळत नाही. दोन्ही मतांत तथ्य आहे. निवड शेवटी गायकाने आपल्या गळ्याकडे पाहून करायची असते.

इथेच महोत्सवातील एका मोठ्या बदलाची नोंद घ्यायला हवी. एकेकाळी सवाई रात्रभर चाले. पहाटेच्या थंडीत शाली-कांबळी पांघरून रसिक ललत, भटियार, तोडी ऐकत आणि उजाडल्यावर घरी परतत. ध्वनिप्रदूषणविषयक २००० च्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास मनाई केली. वर्षातील ठरावीक दिवशी मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याची तरतूद पुढे झाली आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ मधील निकालाने अंमलबजावणी कडक झाली. बंदिस्त सभागृहांना हे बंधन लागू नाही. मैदानावरच्या मंडपाला आहे. परिणामी महोत्सव दुपारी आणि संध्याकाळी सरकला, दिवसांची संख्या वाढली.

परिसरातल्या रहिवाशांच्या झोपेचा आणि आजाऱ्यांच्या विश्रांतीचा हक्क नाकारता येणार नाही. तथापि याची किंमत कोणी मोजली, हेही पाहायला हवे. मालकंस, अडाणा, दरबारी यांची मध्यरात्र आणि ललतची पहाट मोठ्या मंचावरून बव्हंशी नाहीशी झाली. आज विशीत असलेल्या गायकाने हे राग गुरूच्या खोलीत शिकलेले असतात, ध्वनिमुद्रणात ऐकलेले असतात. परंतु त्यांच्या वेळेला, हजारो माणसांच्या शांततेत ते उमलताना त्याने क्वचितच ऐकलेले असतात. जे ऐकले नाही ते पुढच्या पिढीला कसे देणार, हा प्रश्न केवळ हळवेपणाचा नाही.

तंबोरा, तबला आणि थंडी

मंचावर बसण्यापूर्वीचा अर्धा तास श्रोत्यांना दिसत नाही. मैफलीचे निम्मे यश मात्र तिथेच ठरते. मिरजेच्या कारागिरांनी घडवलेले तंबोरे (मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले) हे अत्यंत हळवे वाद्य. पुण्यात डिसेंबरात दुपारी बऱ्यापैकी ऊन असते आणि सूर्य मावळला की पारा झपाट्याने उतरतो. तापमान उतरले की धातूची तार आखडते आणि स्वर चढतो. हवेतील ओलावा वाढला की तबल्याची पुडी सैल पडते आणि स्वर उतरतो. म्हणजे एकाच मंचावर दोन वाद्ये विरुद्ध दिशांना जाऊ पाहतात. त्यात प्रखर दिव्यांची उष्णता पुडीला पुन्हा ताणते. यासाठी तंबोरे खोलीत जुळवून थेट मंचावर नेण्याऐवजी काही वेळ आधी मंचाजवळच्या हवेत ठेवणे, जवारीचे दोरे पुन्हा तपासणे आणि तबलजींनी जास्तीचा तबला जुळवून हाताशी ठेवणे, ही काळजी घेतली जाते.

स्वर ठरवण्याचाही प्रश्न असतो. पुरुष गायक साधारणपणे काळी एक ते पांढरी दोनच्या आसपास, तर स्त्री-गायिका काळी चार-पाचच्या आसपास गातात. एकामागून एक येणाऱ्या कलावंतांचे स्वर वेगळे असले, की तंबोऱ्यांची दुसरी जोडी आधीच तयार लागते. मारव्यासारख्या पंचमवर्जित रागासाठी पहिली तार पंचमाऐवजी निषादाला लावावी लागते, हेही आधी ठरलेले बरे. मंचावर श्रोत्यांसमोर दहा मिनिटे खुंट्या पिळत बसणे पहिल्यांदा गाणाऱ्याला परवडत नाही. १९७१ मध्ये न्यूयॉर्कला बांगलादेशच्या मदतीसाठी झालेल्या मैफलीत पं. रविशंकरांनी सतार नुसती जुळवली, तेव्हा अनभिज्ञ श्रोत्यांनी तिलाच टाळ्या दिल्या होत्या. पुण्याचा श्रोता त्याबाबतीत इतका उदार नाही.

याच्या जोडीला ध्वनियोजना. लहान बैठकीत गायकाला स्वतःचा आवाज आणि तंबोरा सहज ऐकू येतो. मोठ्या मंडपात आवाज पुढे फेकला जातो आणि गायकाला तो परत ऐकू येतो तो समोरच्या लहान ध्वनिक्षेपकातून. त्यात तंबोरा किती, तबला किती, हार्मोनियम किती हे प्रमाण बिघडले, की गायक नकळत ओरडू लागतो. म्हणून पहिल्या दोन मिनिटांत ध्वनिसंयोजकाला शांतपणे खूण करून आपल्याला हवे ते मागून घेणे, यात संकोच मानू नये असे जाणते सांगतात. साथीदारांचेही तसेच. आपल्याहून ज्येष्ठ तबलजी साथीला असतील, तर त्यांना आधी भेटून लय, ताल आणि बंदिशीचा मुखडा सांगणे हा शिष्टाचार आहे आणि सुरक्षितताही.

समोरचा श्रोता

सवाईच्या श्रोत्याविषयी पुष्कळ दंतकथा आहेत. वस्तुस्थिती अशी, की मंडपात अनेक प्रकारचे श्रोते एकाच वेळी असतात. तीस-चाळीस वर्षे न चुकता येणारे कानसेन असतात, संगीताचे विद्यार्थी असतात, वर्षातून एकदाच शास्त्रीय संगीत ऐकणारी कुटुंबे असतात आणि परगावाहून, परदेशातून सुटी काढून आलेले मराठी रसिकही असतात. बैठकीवर पुढे बसलेल्यांची मान कुठे हलते, हे गायकाला दिसते. मागे खाद्यपदार्थांच्या दालनांकडे जाणारी रांगही दिसते.

हा श्रोता नव्या कलावंताला सहसा दुखावत नाही. तो उठून जातो, एवढेच. परंतु एखादी जागा खरोखर लागली, तर तोच श्रोता नाव विचारत कार्यक्रमपत्रिका उघडतो, दुसऱ्या दिवशी त्याविषयी चार ठिकाणी बोलतो. टाळ्यांपेक्षा ही कुजबुज महत्त्वाची. त्यातूनच पुढच्या वर्षभराची निमंत्रणे येतात. जुगलबंदीच्या कडकडाटाला आणि तिहाईच्या समेला मिळणारी टाळी सोपी असते. आलापाच्या मध्यावर मंडप स्तब्ध होणे कठीण असते आणि तीच खरी दाद.

तीन पहिली पावले

पहिल्या सादरीकरणाने पुढचे आयुष्य कसे वळते, याची उदाहरणे आपल्याच संगीत-इतिहासात आहेत. १९२४ मध्ये बेळगावला महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले. तिथे स्वागतगीत गाणाऱ्यांत अकरा वर्षांची गंगूबाई हनगळ होती. सवाई गंधर्वांकडील तिची दीर्घ तालीम पुढे झाली. म्हणजे मंच आधी आणि खरी मेहनत नंतर.

कुमार गंधर्वांचे असेच. १९३६ मध्ये मुंबईच्या जिना हॉलमध्ये प्रा. बी. आर. देवधर यांनी भरवलेल्या परिषदेत बारा वर्षांच्या आसपासचा हा मुलगा गायला आणि भलेभले थक्क झाले. थोरांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्यांची गायकी हुबेहूब उभी करण्याची त्याची शक्ती अजब होती. मात्र त्या टाळ्यांवर तो थांबला नाही. तो देवधरांकडे शिकायला राहिला आणि दुसऱ्यांचे गाणे गाणारा मुलगा पुढे संपूर्णपणे स्वतःचे गाणे गाणारा कलावंत झाला. क्षयाच्या दीर्घ आजारानंतर त्यांना मंचावर दुसऱ्यांदा ‘पहिले’ पाऊल ठेवावे लागले, हे आणखी विशेष.

तिसरे उदाहरण भीमसेनजींचे. अकराव्या वर्षी गाण्याच्या शोधात घर सोडलेला हा मुलगा कुंदगोळला गुरुगृही राहिला आणि विशीच्या उंबरठ्यावर जाहीर मैफली करू लागला. परंतु त्यांचे नाव खऱ्या अर्थाने सर्वतोमुखी झाले ते १९४६ मध्ये पुण्यात गुरूच्या षष्ट्यब्दीपूर्तीच्या समारंभात गायले तेव्हा. गुरू समोर बसले होते. सात वर्षांनी त्याच गुरूच्या स्मृतीसाठी त्यांनी जो मंच उभारला, त्यावर आज नवे कलावंत पहिली हजेरी लावतात.

उरणारा प्रश्न

आज संगीत महोत्सवांची संख्या वाढली आहे, प्रायोजक आले आहेत, मोठ्या पडद्यांवर गायकाचा चेहरा दिसतो आहे. नव्यांना संधी मिळत नाही ही जुनी तक्रार काही अंशी कमी झाली आहे. त्याऐवजी एक वेगळी चिंता जाणवते. पहिली संधी मिळते. दुसरी मिळेपर्यंत किती कलावंत तग धरतात? गाण्यावरच पोट असलेल्या तरुणाला मोठ्या मंचावरच्या एका कार्यक्रमाने वर्ष काढता येत नाही. मधल्या काळात शिकवण्या, ध्वनिमुद्रणे, लहान मैफली यांवर गुजराण करावी लागते. गावोगावच्या संगीत मंडळांत ज्या महिन्याच्या बैठका होत, त्या टिकल्या तरच पहिल्या आणि दुसऱ्या हजेरीच्या मधली वर्षे निभावतात. मोठा महोत्सव हा वृक्षाचा शेंडा आहे. मुळे त्या शंभर माणसांच्या बैठकींत आहेत आणि तिथल्या रिकाम्या सतरंज्या ही श्रोत्यांनी स्वतःला विचारण्याची गोष्ट आहे.

म्हणूनच दुपारी तीन वाजता मंडपात वेळेवर येऊन बसणे, ही रसिकाच्या बाजूची हजेरी आहे. रात्रीच्या दिग्गजांसाठी गर्दी होतेच. त्या दिग्गजांनीही कधीतरी अशाच अर्ध्या भरलेल्या मंडपासमोर डोळे मिटून पहिला षड्ज लावलेला असतो.

दृष्टिक्षेपात

१८८६ : रामभाऊ कुंदगोळकर तथा सवाई गंधर्व यांचा जन्म.
१९४६ : गुरूच्या षष्ट्यब्दीपूर्तीनिमित्त पुण्यात भीमसेन जोशी यांचे गाजलेले गायन.
१९५२ : सवाई गंधर्व यांचे निधन.
१९५३ : पहिल्या पुण्यतिथीला महोत्सवाचा आरंभ.
२००० : ध्वनिप्रदूषणविषयक नियम, रात्रभर चालणाऱ्या मैफलींवर मर्यादा.
२०११ : पं. भीमसेन जोशी यांचे निधन; महोत्सवाला त्यांचेही नाव.
२०१८ : रमणबागेतून मुकुंदनगरात स्थलांतर.
२०२० आणि २०२१ : करोनामुळे महोत्सव नाही.
२०२२ : ६८ व्या महोत्सवाने पुनरारंभ.